खांबावरची वहिवाट

सकाळचे साडेनऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीच्या उतारावर, काजूच्या झाडाखाली चौघे जण बसून आहेत. शेजारी केबलचा लाकडी ड्रम, शिडी, दोराचं वेटोळं आणि क्लॅम्पची गोणी. काम सातला सुरू होईल असं मला सांगितलं होतं. अजून झालेलं नाही, कारण परमिट आलेलं नाही. महावितरणचा वायरमन डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जाऊन फ्यूज काढेल, तारा शॉर्ट करून अर्थिंग लावेल, मग फोन करेल. तोवर खांबाला हात लावायचा नाही. टोळीतला सगळ्यात तरुण मुलगा परभणीकडचा आहे. दर पाच मिनिटांनी तो विचारतो, "दादा, परमिट आलं का?" आणि टोळीप्रमुख दर वेळी तितक्याच शांतपणे मान हलवून नाही म्हणतो.

या चौघांना तीनशे मीटर केबल ओढायची आहे. वाडीच्या तोंडापर्यंत इंटरनेट पोचलेलं आहे, ते तिथून ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचं. मधे सात खांब आहेत, सगळे विजेचे.

त्या बसल्या वेळात मी समोरचा खांब नीट पाहिला. आपण एरवी खांब पाहतच नाही. सिमेंटचा, आठ मीटरचा खांब. त्यातला साधारण सहावा हिस्सा जमिनीत गाडलेला असतो, म्हणजे वर उरतात साडेसहा-पावणेसात मीटर. टोकाला तीन फेजच्या तारा, त्यांच्याखाली न्यूट्रल आणि रस्त्यावरच्या दिव्यासाठी पाचवी तार. मग थोडी मोकळी जागा, आणि त्याखाली घरांकडे गेलेल्या सर्व्हिस वायरी, दिव्याचा आकडा, जुन्या केबल टीव्हीची काळी वायर. ती वायर अर्ध्यात तुटून लोंबते आहे आणि तिच्यावर वेल चढली आहे. एक आकाशी दोरीही आहे, कोणीतरी कपडे वाळत घालण्यासाठी बांधलेली.

शेतातल्या बांधावरून जाण्याचा हक्क असतो, त्याला आपल्याकडे वहिवाट म्हणतात. जमीन एकाची, पाऊलवाट सगळ्यांची. गावोगावी दिवाणी दावे चालतात ते बरेचसे या वहिवाटीवरून. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या खांबांवर अशीच एक वहिवाट तयार झाली आहे. तिचा नकाशा कोणाकडे नाही. हा लेख तिच्याबद्दल आहे.

ओढायची केबल हातात घेतली तर लहान मुलाच्या करंगळीएवढी जाड भरते. आत काचेचे बारा तंतू. प्रत्येक तंतू १२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका, आणि त्यातही प्रकाश वाहतो तो मधल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये गणित मांडलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून कित्येक किलोमीटर जाऊ शकेल. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तीन संशोधकांनी तशी काच करून दाखवली. काव यांना नोबेल मिळालं २००९ मध्ये. त्याआधी मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवलं होतं. हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेतरी असतो. केबल खांबावर कशी चढते, हे मात्र कुठे नसतं.

ती खांबावर चढते याचं कारण पायाखाली आहे. कोकणात हात-दीड हात माती खणली की जांभा लागतो. सरकारी नियमाप्रमाणे फायबर जमिनीखालून न्यायचा तर १.६५ मीटर खोल चर हवा, त्यात ४० मिलिमीटरची प्लास्टिकची नळी, आणि नळीतून केबल. म्हणजे पुरुषभर खोल चर, जांभ्यातून, वळणावळणाच्या रस्त्याकडेने. त्यासाठी रस्ता ज्याचा त्याची परवानगी, वनखात्याची जमीन आली तर त्यांची वेगळी. आणि एवढं करून पुढच्या वर्षी रस्ता रुंद करायला जेसीबी आला की एका फटक्यात सगळं वर. देशभरातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती पूर्ण व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. खोदकाम आणि परवानग्या ही त्या उशिराची मोठी कारणं होती. म्हणून दुसऱ्या टप्प्यात विजेच्या खांबांवरून केबल न्यायला मोकळीक मिळाली. आंध्र प्रदेशाने तर आपलं राज्यव्यापी जाळं मुख्यतः विजेच्या खांबांवरच उभारलं. केरळने ५ जून २०२३ रोजी के-फॉन हे आपलं फायबर जाळं सुरू केलं, तेही वीजमंडळाच्या खांबांवरून आणि मनोऱ्यांवरून. खांब उभे आहेत, रांगेत आहेत, प्रत्येक घरापर्यंत गेलेले आहेत. त्यांचा उपयोग न करणं वेडेपणाच ठरला असता. माझा या पद्धतीला विरोध नाही, हे आधीच सांगतो.

केबल हवेतून न्यायच्या रीती तीन. पहिली स्वतःचा भार स्वतः पेलणाऱ्या केबलची. तिच्यात धातू मुळीच नसतो. ताण घ्यायला ॲरामिडचे पिवळे धागे असतात, बुलेटप्रूफ जाकिटात असतात त्याच जातीचे. आमच्या ड्रमवर तीच होती. धातू नसल्याने तिच्यातून करंट वाहत नाही आणि विजेच्या तारांजवळून न्यायला ती बरी. अतिउच्च दाबाच्या मनोऱ्यांवर मात्र तिलाही धोका असतो. ओलं आवरण तुकड्यातुकड्याने वाळतं, वाळलेल्या पट्ट्यांवर बारीक ठिणग्या पडत राहतात आणि काही काळाने आवरण जळतं. म्हणून तिथे वेगळ्या आवरणाची केबल लागते.

दुसरी रीत सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात देखणी. आधी खांबाखांबांतून पोलादी तार ताणायची. तिला मेसेंजर म्हणतात. तिच्या अंगाला केबल लावायची आणि बारीक स्टेनलेस तारेने दोघींना मळसूत्रासारखं लपेटत जायचं. अमेरिकेत हे काम एक छोटं यंत्र करतं. ते मेसेंजरवर स्वार होतं, खालून माणूस दोरीने ते ओढत चालतो, आणि यंत्राचा पिंप गोल फिरत मागे तार गुंडाळत जातो. लपेटायची तार सव्वा मिलिमीटरहूनही बारीक. प्रत्येक खांबाशी ती तोडून क्लॅम्पमध्ये पक्की करायची, म्हणजे एका ठिकाणी तुटली तरी शेजारचा गाळा, दोन खांबांमधला भाग, सुटत नाही. पुढे आणखी केबल न्यायची झाली तर नवी तार ताणत नाहीत. जुन्याच जुडीवर नवी केबल ठेवून पुन्हा लपेटतात. तारेवर केबल, केबलवर केबल.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण तिथे एकेका खांबाचा हिशेब असतो. वरचा पट्टा विजेचा, खालचा दळणवळणाचा, आणि मधे ४० इंच मोकळे. फायबरवाल्या कामगाराचं डोकं आणि हात त्या चाळीस इंचांच्या वर जाता कामा नयेत. नव्या केबलला जागा नसेल तर आधी असलेल्यांना वर-खाली सरकवावं लागतं, कधी खांबच उंच घालावा लागतो, आणि हा खर्च कोणी सोसायचा यावर तिथेही वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. खांबांच्या भाड्याचा कायदा त्यांच्याकडे १९७८ मध्ये आला. जुन्या जुडीवर नवी केबल लपेटताना वेगळी परवानगी नको, पण खांबाचा मालक पंधरा दिवसांपर्यंत आगाऊ सूचना मागू शकतो, असं तिथल्या दळणवळण आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं. पंधरा दिवस कशाला, तर तेवढ्यात कोणीतरी जाऊन खांब पाहावा आणि गणित करावं म्हणून.

तिसरी रीत सरळ विजेच्या तारेलाच फायबर गुंडाळण्याची. मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या अर्थवायरला असा फायबर गुंडाळायचं तंत्र १९८० च्या दशकापासून वापरात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये फेसबुकने एक यंत्रमानव दाखवला. तो मध्यम दाबाच्या तारेवरून चालत, वाटेतले इन्सुलेटर ओलांडत, मागे केसासारखा फायबर गुंडाळत जायचा. नाव ठेवलं होतं बॉम्बिक्स, म्हणजे रेशमाचा किडा. कोष विणणाऱ्या किड्यावरून घेतलेलं हे नाव मला फार आवडलं. आपल्या खांबांवर तो कधी चालेल तेव्हा चालेल. आज आपल्याकडे चालतो तो माणूस.

आपल्या शहरांत हवेतून नेलेल्या केबलची जी अवस्था झाली आहे ती पाहवत नाही. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. गच्चीवरून गच्चीवर, गच्चीवरून दिव्याच्या खांबावर. कायदा आला १९९५ मध्ये. तोवर जाळं पसरलेलं होतं. पुढे त्याच वाटांवरून इंटरनेट आलं. मेसेंजर म्हणून जीआय तार, लपेटायला प्लास्टिकच्या पट्ट्या. साध्या नायलॉनची पट्टी उन्हात दोन-चार वर्षांत ठिसूळ होऊन तुटते आणि मग जुडीतली एकेक केबल खाली उतरू लागते. पुण्यात माझ्या घरी मी तीनदा कंपनी बदलली. तिन्ही वेळा नवी केबल आली, जुनी नेली नाही. मी विचारलं, तर काढणं हे आमचं काम नाही असं उत्तर मिळालं. आणि मी पुढे पाठपुरावा केला नाही. गच्चीच्या कठड्यावरून शेजारच्या खांबाकडे आजही तीन काळ्या रेषा जातात. त्यांतल्या दोन मेलेल्या आहेत, आणि त्या दोन माझ्या आहेत.

काजूच्या झाडाखाली टोळीप्रमुखाने मला झोळ समजावून सांगितला. दोन खांबांमध्ये तार जेवढी खाली येते तो झोळ. नवख्याला वाटतं, केबल जितकी ताठ तितकं काम चांगलं. गणित उलट आहे आणि ते कोणालाही करता येतं. खांबांमधलं अंतर ५० मीटर धरा, केबलचं वजन मीटरला १०० ग्रॅम. म्हणजे एका गाळ्यात जेमतेम पाच किलो. मधोमध अर्धा मीटर झोळ ठेवला तर केबलची ओढ साधारण साडेबासष्ट किलो येते. ती ताणून झोळ निम्म्यावर आणला, २५ सेंटिमीटर केला, की ओढ दुप्पट होऊन सव्वाशे किलो. रांगेतल्या मधल्या खांबाला दोन्हीकडून सारखीच ओढ, म्हणून काही कळत नाही. पण जिथे रस्ता काटकोनात वळतो त्या खांबावर दोन्ही ओढी एकत्र होऊन आतल्या बाजूला खेचतात. साडेबासष्टच्या अठ्ठ्याऐंशी होतात, सव्वाशेच्या पावणेदोनशेहून जास्त. आठ मीटरचा जो सिमेंटचा खांब आपल्याकडे सर्रास वापरतात त्याचा कामाचा भार १४० किलो धरलेला असतो, तोही टोकाजवळ. केबल टोकापेक्षा खाली बांधलेली असते म्हणून तिचा जोर थोडा कमी भरतो, आणि खांब लगेच मोडू नये म्हणून वर सुरक्षिततेची सूटही असते. पण ती सूट विजेच्या तारांसाठी, वाऱ्यासाठी, पडणाऱ्या फांदीसाठी ठेवलेली आहे. पाच किलोची वस्तू बांधणाऱ्याला आपण खांबावर पाच किलोच टाकले असं वाटतं, तिथेच गफलत होते. वळणावर म्हणून उलट्या बाजूने ताणाची तार, म्हणजे स्टे, लावावा लागतो. आमच्या सात खांबांत असं एक वळण होतं आणि तिथला जुना स्टे सैल पडला होता. केबल ओढण्याआधी टोळीने तो ताणून घेतला. त्यासाठी अर्धा तास गेला. या अर्ध्या तासाचे पैसे कोणत्याही बिलात लागत नाहीत.

उलट टोकाला फार झोळही चालत नाही. रस्ता ओलांडताना खालून उसाची ट्रॉली जाते, गवताचा ट्रक जातो, गणपतीची मिरवणूक जाते. वीजवाहिनीसाठी ही उंची नियमाने ठरलेली आहे. लघुदाबाची तार रस्त्यावरून जाताना जमिनीपासून किमान ५.८ मीटर वर हवी. आता आठ मीटरच्या खांबाचा हिशेब मांडा. वरती साडेसहा मीटर, त्यात विजेच्या तारांचा पट्टा, त्याखाली सुरक्षित अंतर, त्याखाली केबल, तिचा झोळ, आणि त्याखाली ट्रक. जागा नाहीच. म्हणून आपल्याकडे कोणीतरी नेहमी कोणाच्या तरी जागेत शिरलेलं असतं. उरलेली जागा भरण्यापूर्वी खांब मोजून पाहणारा माणूस हवा, आणि खांब लागेल तिथे उंच घालायचा खर्च योजनेतच धरलेला हवा. मी पाहिलेल्या कामात तरी खांब मोजायला कोणी आलेलं नव्हतं.

पावणेअकराला फोन आला. वायरमन स्वतः सायकल मारत खाली आला, परमिटचा कागद टोळीप्रमुखाच्या हातात दिला आणि सही घेतली. मग त्याने पहिल्या खांबाच्या तारांना डिस्चार्ज रॉड लावून पाहिला. डीपीवर लाइन बंद केल्यावर पुन्हा का पाहायचं, असं मी विचारलं. त्याने गावातल्या घरांकडे बोट दाखवलं. प्रत्येक घरात इन्व्हर्टर आहे, दोन-चार ठिकाणी जनरेटर. वायरिंगमध्ये कोणी चूक केलेली असली तर घरातली वीज उलटी तारेवर येते. शिवाय न्यूट्रलला लोक निरुपद्रवी समजतात, पण ती मागे कुठे तुटलेली असेल तर पुढच्या घरांच्या पंख्या-दिव्यांतून तिच्यात करंट उतरतो. फायबर काचेचा असतो, त्यातून शॉक लागत नाही, हे खरंच आहे. पण तो बांधणारा माणूस काचेचा नसतो.

आणि केबल टीव्हीची जुनी वायर काचेची नसते, मेसेंजरची जीआय तारही नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूरमध्ये गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीत रथ ओढणारी पाच माणसं विजेच्या धक्क्याने गेली. प्राथमिक माहिती अशी होती, की केबलची एक निरुपयोगी तार ११ केव्हीच्या वाहिनीला टेकून खाली आली होती. त्यानंतर तिथल्या वीज कंपनीने खांबांवरच्या केबल कापायला सुरुवात केली आणि शहराच्या कित्येक भागांतलं इंटरनेट बंद पडलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पाच जीव गेल्यावर जे कापलं गेलं त्यात जिवंत केबल होत्या, मेलेल्या होत्या, परवानगीच्या होत्या, बिनपरवानगीच्याही होत्या. खालून पाहणाऱ्याला सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात.

आपल्या कायद्यात या वहिवाटीला आता जागा आहे. १८८५ च्या तार कायद्यात खांब उभारायचा आणि तारा न्यायचा अधिकार होता. २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम आले, २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. अर्ज कसा करायचा, किती दिवसांत उत्तर द्यायचं, पैसे किती, हे सगळं त्यांत आहे. खांबावर चढण्याची वाट मोकळी झाली याचा मला आनंदच आहे. पण उतरण्याचं काय? ग्राहक सोडून गेला, कंपनी बुडाली, ठेकेदार बदलला, की त्या केबलचा वारस कोण? प्रत्येक केबलवर प्रत्येक खांबाशी मालकाच्या नावाची पट्टी हवी, आणि केबल बांधतानाच ती काढायच्या खर्चाची अनामत खांबाच्या मालकाकडे जमा व्हायला हवी. गॅसचं सिलिंडर देताना आपण अनामत घेतो. इथे का नाही?

दुपारी बारा ते तीन केबल ओढली. पुढे दोरी, दोरीला केबल, प्रत्येक खांबावर कप्पी. ड्रमपाशी एक जण हाताने ब्रेक लावत उभा, कारण केबल ड्रमवरून उसळली तर तिला गाठ बसते आणि गाठीत काच मोडते. वाकवायचीच झाली तर तिच्या जाडीच्या वीसपट त्रिज्येहून कमी नाही, हा नियम त्या परभणीच्या मुलाला पाठ होता. शेवटच्या खांबाआधी वीस मीटरचं वेटोळं सोडलं. याला लूप म्हणतात. उद्या झाड पडलं, खांब पडला, तर जोडायला लांबी हवी म्हणून.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडात आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात हजारो खांब पडले. काही गावांना वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. खांब पडला की त्याच्यावरचे सगळेच पडतात, आणि उभं राहण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी खांब, मग वीज, शेवटी केबल. शाळा मोबाइलवर भरत होत्या ते वर्ष. त्या वेळी ज्यांच्याकडे लूप होता त्यांची केबल तासाभरात जोडली गेली, ज्यांनी तो ठेवलाच नव्हता त्यांना नवा ड्रम येईपर्यंत थांबावं लागलं, असं केबलचे तंतू जोडायला आलेल्या जोडणीवाल्याने सांगितलं. तो तेव्हा मंडणगडात काम करत होता.

त्याचं काम चारला सुरू झालं. प्लास्टिकच्या स्टुलावर यंत्र, वर छत्री, कारण वाऱ्याने धूळ आली की जोड बिघडतो. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. बारा तंतूंचे बारा रंग आणि त्यांचा ठरलेला क्रम. प्रत्येकाचं आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, हिऱ्यासारख्या पात्याने काटकोनात छाटायचं. यंत्रात दोन टोकं समोरासमोर येतात, पडद्यावर दोन काचेच्या दांड्यांसारखी दिसतात, ठिणगी पडते आणि त्यांची एक होते. पडद्यावर आकडा आला, ०.०२ डेसिबल. त्याने मान हलवली आणि पुढचा तंतू घेतला. बारा जोडांना दीड तास लागला. एक त्याने मोडून पुन्हा केला, कारण आकडा ०.११ आला होता. ०.११ नेही इंटरनेट चाललं असतं.

ग्रामपंचायतीत प्रकाश मोजायचा मीटर लावला. वजा १९. चांगला उजेड आहे, असं तो म्हणाला.

मग परमिट परत करायची वेळ झाली. वायरमन सायकल घेऊन हजर होता. त्याने कागद लगेच घेतला नाही. आधी चौघांना समोर उभं केलं आणि मोजलं. शिडी जमिनीवर आडवी आहे ना, ते स्वतः पाहून आला. सातही खांबांपर्यंत चालत गेला आणि परत आला. सही केली, अर्थिंग काढायला डीपीकडे गेला, आणि थोड्या वेळाने ग्रामपंचायतीतला पंखा फिरू लागला.

जोडणीवाला पायरीवर बसून वही लिहीत होता. तुटलेली जागा शोधायच्या यंत्रावर दिसणारं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर जुळत नाही, कारण लूपमधली लांबीही प्रकाशाला चालावी लागते. ती कुठे किती आहे हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या माणसाला तुटलेली जागा सापडत नाही. वही त्याच्या स्वतःच्या पैशाची, शाळेची दोनशे पानी. त्याने लिहिलं: खांब सहा, लूप वीस मीटर. तारीख. खाली आपलं नाव आणि फोन नंबर. मग ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने तेच कोरून ती परभणीच्या मुलाच्या हातात दिली. वर वीज आलेली होती, त्यामुळे पट्टी त्या दिवशी खांबावर लागणार नव्हती. ती त्याने क्लॅम्पच्या गोणीत, सगळ्यात वर ठेवली.